पिढ्यांचा केक : वहीतल्या पाच ओळींपासून ओव्हनपर्यंत

घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या केकच्या पाककृतीत लिहिलेलं थोडं असतं आणि न लिहिलेलं फार. पिवळ्या पडलेल्या पानावर पाच-सहा ओळी असतात : तीन कप मैदा, दोन कप साखर, चार अंडी, बटर, ‘लागेल तसं दूध’, ‘मध्यम ओव्हनमध्ये होईपर्यंत’. कप कुठला, दूध किती झालं की थांबायचं, भांडं केवढं, केक झाला हे कशावरून ओळखायचं, हे सगळं लिहिणारीच्या हातात आणि नजरेत होतं. तिने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलं होतं, दुसऱ्याला शिकवण्यासाठी नाही. म्हणून पानावरचं अक्षरन् अक्षर पाळूनही केक ‘तसा’ होत नाही.

हा लेख त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे. माझं ठाम मत असं की असा केक हाती घेताना आधी त्याची सगळी मापं ग्रॅममध्ये आणावीत आणि पहिल्यांदा भाजताना त्यात कसलीही सुधारणा करू नये. साखर जास्त वाटते, बटर फार आहे, थोडी कणीक घालून बघू, हे सगळं नंतर. मूळ केक एकदा जसाच्या तसा झाला पाहिजे, नाहीतर आपण कशात बदल करतोय हेच कळत नाही.

पान वाचताना

सगळ्यात आधी पानाचा सरळ वरून, भरपूर उजेडात फोटो काढून ठेवा. शाई पुसट झाली असेल तर दिवा एका बाजूने तिरका धरून आणखी एक फोटो घ्या. पेनाच्या दाबाने कागदावर उमटलेल्या रेघा तिरक्या उजेडात दिसतात आणि गेलेलं अक्षर बऱ्याचदा परत वाचता येतं. पान लॅमिनेट करू नका. ते प्लास्टिक उष्णतेने कागदाला कायमचं चिकटतं आणि नंतर काढता येत नाही. आम्लरहित पारदर्शक पाकिटात ठेवलेलं पान जास्त टिकतं.

मग डाग आणि खाडाखोड बघा. तुपकट डाग पडलेलं पान म्हणजे वारंवार उघडलेलं पान. एकाच केकच्या दोन नोंदी असतील तर जास्त मळलेली खरी धरावी. वेगळ्या शाईत खोडून लिहिलेला आकडा अनुभवातून आलेला असतो. ‘दीड’ खोडून ‘सव्वा’ केलेलं असेल तर सव्वाच घ्या.

आता मापं. अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा, मेट्रिक कप २५० मिलीचा आणि जुना ब्रिटिश कप २८४ मिलीचा. तीन कप मैद्यात अमेरिकी आणि ब्रिटिश मापाचा फरक अर्ध्या कपाहून जास्त होतो. तरी घाबरायचं कारण नाही. मैदा, साखर, दूध आणि बटर सगळं एकाच कपाने मोजलं असेल तर त्यांचं आपापसातलं प्रमाण टिकतं. बिघडतात ती अंडी, कारण कप मोठा झाला म्हणून अंडं मोठं होत नाही. त्यामुळे जुना केक कोरडा आणि घट्ट होत असेल तर माझा पहिला संशय इथेच असतो : आपला कप मूळ कपापेक्षा मोठा आहे आणि अंडी मात्र तेवढीच आहेत.

मैद्याचा कप भरण्याची पद्धतही तपासा. कप थेट डब्यात खुपसून भरला तर त्यात १४० ते १५० ग्रॅम मैदा येतो. चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम. ‘चाळलेला मैदा एक कप’ आणि ‘मैदा एक कप, चाळून’ या दोन ओळीही वेगळ्या आहेत. पहिल्यात आधी चाळायचं आणि मग मोजायचं, म्हणजे मैदा आणखी कमी, साधारण ११० ते ११५ ग्रॅम. जुन्या वह्यांत हा फरक मुद्दाम केलेला असतो.

छोटा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली (ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलीचा). ‘अंड्याएवढं बटर’ असं लिहिलेलं आढळलं तर ५० ते ६० ग्रॅम धरा. अमेरिकेतून आलेल्या पाककृतीत बटरची ‘एक स्टिक’ असते, ती ११३ ग्रॅमची. ओव्हनबद्दलचे शब्द असे वाचावेत : मंद म्हणजे १५० अंश सेल्सिअसच्या आसपास, मध्यम म्हणजे १७५ ते १९०, गरम म्हणजे २०० च्या पुढे. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस. ब्रिटिश गॅस ओव्हनचा ४ नंबर म्हणजे १८०. ओव्हनमध्ये पंखा असेल तर या आकड्यांतून २० अंश वजा करा.

पाककृतीत बेकिंग पावडर किंवा सोडा काहीच नसेल तर ती लिहिणारीची चूक समजून स्वतःहून घालू नका. बेकिंग पावडर एकोणिसाव्या शतकातली आहे. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८४३ मध्ये तयार केली. त्याआधीचे केक फेटलेल्या बटरमधल्या आणि अंड्यांमधल्या हवेवरच फुगायचे. तसंच, सोड्याबरोबर ताक, दही किंवा आंबट दूध लिहिलेलं असेल तर त्याऐवजी साधं दूध घालू नका. सोड्याला फुगवण्यासाठी आम्ल लागतं. ते नसेल तर केक बसतो आणि साबणासारखी चव येते.

माणूस जवळ असेल तर

केक करणारी आजी, आत्या, मावशी किंवा आजोबा हयात असतील तर हे काम पुढे ढकलू नका. त्यांच्या शेजारी वजनकाटा घेऊन उभं राहा, पण त्यांच्या हातात काटा देऊ नका. मोजायला लावलं की अंदाजाने करणाऱ्या माणसाचा हात अडखळतो. त्याऐवजी सुरुवातीला मैद्याचा डबा, साखरेचा डबा, बटरचं पाकीट आणि दुधाचं भांडं प्रत्येकी वजन करून नोंदवा. त्यांना नेहमीसारखं काम करू द्या. शेवटी सगळं पुन्हा वजन करा. आधीच्या वजनातून नंतरचं वजा केलं की त्यांनी नेमकं किती घेतलं ते कळतं आणि त्यांना थांबवावंही लागत नाही.

‘किती?’ विचारलं की ‘अंदाजाने गं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा : ‘आजी, आता हे कसं दिसायला हवं? अजून फेटायचंय हे तू कशावरून ओळखलंस? घट्ट झालं असतं तर काय केलं असतंस?’ हातांचं चित्रण करा, चेहऱ्याचं कमी. चमच्यातून मिश्रण कसं पडतं ते जवळून टिपा. सलग धार पडते की गोळा होऊन थबकन पडतं, यात दुधाचं सगळं माप आलं. आणि भांडं बघा. ते वापरातून गेलं असेल तर त्याचा आकार, रंग आणि केक कुठवर वर यायचा ते विचारून लिहून ठेवा.

माणूस राहिलं नसेल तर नातेवाइकांना चवीपेक्षा रूपाबद्दल विचारा. वर भेग असायची का? कड कुरकुरीत होती का? कापताना भुगा पडायचा की सुरीला चिकटायचा? त्याच दिवशी कापायचा की दुसऱ्या दिवशी? चवीची आठवण प्रत्येकाची निराळी असते, पण भेग होती की नव्हती यावर भावंडांचं सहसा एकमत होतं.

प्रमाणाची पडताळणी

सगळं ग्रॅममध्ये आलं की एक हिशेब करून बघा. घरगुती बटर केकच्या दोन जुन्या घडणी आहेत. पहिलीत मैदा, बटर, साखर आणि अंडी चारही समान वजनाची. इंग्रजीत तिला पाउंड केक म्हणतात, कारण प्रत्येक जिन्नस एक पाउंड. दुसरी ‘एक-दोन-तीन-चार’ : एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी आणि सोबत एक कप दूध व बेकिंग पावडर. कित्येक घरांतले ‘आमचेच’ म्हणून जपलेले केक या दोनपैकी एकीच्या जवळ जातात. त्याने त्यांची किंमत कमी होत नाही. उलट पानावरचा एखादा आकडा वाचता येत नसेल तर तो भरून काढायला या घडणींचा आधार मिळतो.

ढोबळ नियम असे : अंड्यांचं वजन बटरच्या आसपास असावं. साखर मैद्याहून जास्त असेल तर अंडी आणि दूध मिळून साखरेएवढं किंवा त्याहून जास्त भरावं. बेकिंग पावडर दर १२० ग्रॅम मैद्याला एक छोटा चमचा, सव्वा झाला तरी चालेल. तुमच्या वहीतला हिशेब याच्या फार बाहेर जात असेल, समजा मैद्याच्या दुप्पट साखर किंवा कपभर मैद्याला मोठा चमचाभर बेकिंग पावडर, तर पाककृती चुकीची म्हणण्याआधी माप वाचण्यात गफलत झाली का ते बघा.

आता केक

पुढे ‘एक-दोन-तीन-चार’चं अर्धं माप देत आहे, २० सेंटिमीटर व्यासाच्या आणि निदान ५ सेंटिमीटर उंचीच्या गोल भांड्यासाठी. तुमच्या घरचं माप वेगळं असेल तर तेच घ्या. कृती आणि खुणा त्याच राहतात.

बटर ११५ ग्रॅम, बिनमिठाचं. बारीक दाण्याची साखर २०० ग्रॅम. मैदा १८० ग्रॅम. दोन अंडी, टरफल काढून मिळून साधारण १०० ग्रॅम. दूध १२० मिली. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा. मीठ पाव छोटा चमचा. व्हॅनिला एक छोटा चमचा. एका लिंबाची किसलेली साल, फक्त पिवळा भाग, कारण खालचा पांढरा भाग कडू असतो.

पहिली पायरी, जिन्नस एका तापमानाला आणणं. बटर, अंडी आणि दूध तास-दीड तास आधी बाहेर काढा. बटर १८ ते २० अंशांवर हवं : बोटाने दाबलं की खळगा पडतो, पण पृष्ठभाग चकाकत नाही. चकाकायला लागलं, बोट सहज आत गेलं, तर ते जास्त मऊ झालंय. ते थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. वितळवलेलं बटर इथे चालत नाही. अंडी थंडच राहिली असतील तर कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा.

दुसरी, भांडं आणि ओव्हन. भांड्याच्या तळाला बटर पेपर कापून लावा, कडांना बटर चोळून वर मैदा भुरभुरवा आणि जास्तीचा झटकून टाका. ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवा, जाळी मधल्या खणात. घरगुती ओव्हनचं बटण जे तापमान दाखवतं आणि आत जे असतं, त्यात दहा-वीस अंशांचा फरक नवा नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. या केकसाठी एकच उपकरण घ्यायचं असेल तर महागड्या मिक्सरआधी ते घ्यावं.

तिसरी पायरी बटर आणि साखर फेटण्याची. केकचं भवितव्य बरंचसं इथे ठरतं, त्यामुळे घाई करू नका. साखरेचे धारदार कण बटरमध्ये फिरताना हवेच्या सूक्ष्म पोकळ्या कोरत जातात. बेकिंग पावडरचा वायू नव्या पोकळ्या तयार करत नाही, असलेल्याच फुगवतो. म्हणजे इथे जेवढी हवा धरली तेवढीच जाळी केकला पडणार. आधी नुसतं बटर मिनिटभर फेटा, मग साखर तीन-चार वेळा थोडी थोडी घाला आणि लिंबाची साल इथेच टाका, म्हणजे तिचं तेल बटरमध्ये उतरतं. हँड मिक्सरने मध्यम वेगावर चार-पाच मिनिटं, लाकडी चमच्याने दहा-बारा मिनिटं लागतात. कडांना चिकटलेलं मधेमधे खरवडून घ्या. रंग पिवळ्याकडून फिकट, जवळजवळ पांढुरका होतो, मिश्रण फुलतं आणि चमचा हलका वाटू लागतो. साखरेचे कण बोटाला थोडे लागणारच, ते पूर्ण विरघळेपर्यंत फेटायचं नसतं. मिश्रण पातळ आणि तेलकट दिसू लागलं तर खोली गरम आहे. भांडं पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

चौथी, अंडी. दोन्ही अंडी वाटीत काट्याने मोडून घ्या आणि मिश्रणात चार-पाच भागांत घाला. आधीचा भाग पूर्ण मुरल्याशिवाय पुढचा नाही. अंड्यातलं पाणी आणि बटरमधली चरबी यांना एकत्र धरून ठेवायचं काम इथे चालू असतं. घाई झाली किंवा अंडी थंड असली की मिश्रण फुटल्यासारखं, दह्यासारखं दिसतं. तसं झालं तर टाकून देऊ नका. मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा मैदा घालून फेटा, बहुतेक वेळा सावरतं. नाही सावरलं तरी केक होतो, जाळी थोडी दाट येते एवढंच. व्हॅनिला शेवटी घाला.

पाचवी, मैदा आणि दूध. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून ठेवा. मैद्याचे तीन भाग, दुधाचे दोन : मैदा, दूध, मैदा, दूध, मैदा. सुरुवात मैद्याने करायची कारण त्याच्या कणांवर आधी बटरचा लेप बसतो, मग दुधातलं पाणी मिळालं तरी ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं केक चिवट करणारं जाळं, कमी तयार होतं. इथून पुढे फेटायचं नाही, फक्त एकजीव करायचं. मिक्सर अगदी कमी वेगावर ठेवा आणि शेवटचा भाग स्पॅट्युलाने तळापासून वर उचलत मिसळा. मैद्याच्या पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा. ज्यांच्या केकमध्ये उभी बोगद्यासारखी भोकं पडतात ते बहुतेक इथे थांबत नाहीत.

चमचा उचलल्यावर मिश्रण जाडसर सरकत, दोन-तीन क्षणांनी पडलं पाहिजे. ‘लागेल तसं दूध’ या ओळीचा अर्थ हाच. धार लागली तर दूध जास्त झालं, आणि चमच्याला चिकटून राहिलं तर मोठा चमचाभर आणखी घाला.

सहावी, भरणं. भांडं साधारण अर्धं भरेल, दोनतृतीयांशापेक्षा वर नको. वरून सपाट करून मधोमध किंचित खोलगट ठेवा, म्हणजे केक वर घुमटासारखा कमी फुगतो. ओट्यावर एकदा हलकं आपटा आणि लगेच ओव्हनमध्ये. बेकिंग पावडर ओलावा मिळताच काम सुरू करते, मिश्रण भरून ठेवून फोनवर बोलत बसायची ही वेळ नव्हे.

भाजणं आणि ओळखणं

पहिली पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. तोवर आतला डोलारा वायूवर उभा असतो. अंडी घट्ट व्हायची असतात, मैद्यातला स्टार्च फुलायचा असतो. थंड हवा आत गेली की मधला भाग खचतो. पस्तिसाव्या मिनिटापासून तपासायला लागा. पस्तीस ते बेचाळीस मिनिटांत हा केक व्हावा, पण घड्याळावर विसंबू नका.

खुणा अशा. कडा भांड्यापासून किंचित सुटतात. मधोमध बोटाने हलकं दाबलं की खळगा भरून येतो. मधे घातलेली काडी कोरडी किंवा दोन-चार ओलसर कणांसह निघते, ओल्या मिश्रणासह नाही. काडी ठणठणीत कोरडी येईपर्यंत थांबलं तर केक थोडा जास्तच भाजला जातो. थर्मामीटर घातला तर मधलं तापमान ९६ ते ९८ अंश. आणि एक जुनी खूण, जी पुष्कळ आज्यांना ठाऊक असते : केक बाहेर काढून कान जवळ न्यायचा. आत बुडबुड्यांची जोरात चरचर ऐकू आली तर अजून ओल आहे. आवाज मंद झाला की झाला. या कानाच्या परीक्षेवर माझा विश्वास आहे, पण तिला हात बसायला वेळ लागतो. तोवर थर्मामीटर बरा.

बाहेर काढल्यावर दहा ते पंधरा मिनिटं भांड्यातच राहू द्या. लगेच उलटला तर तुटतो, फार वेळ ठेवला तर वाफेने कड ओली होते. मग जाळीवर काढून पूर्ण गार करा. कापायची घाई करू नका. बटरचा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कारण ओलावा आतून कडेपर्यंत सारखा पसरतो आणि लिंबाचा वास मुरतो. नीट झाकून बाहेर तीन दिवस राहतो. फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतो आणि केक शिळा लागतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. जास्त दिवस ठेवायचा असेल तर तुकडे घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये, दोन-तीन महिने.

बिघडला तर

मधे खचला : कच्चा निघाला, दार लवकर उघडलं, किंवा बेकिंग पावडर जास्त झाली. वर मोठी भेग आणि उंच घुमट : ओव्हन जास्त गरम आहे, दहा-पंधरा अंश कमी करा. पाउंड केकच्या घडणीत मात्र भेग पडणं साहजिकच आहे, ती घालवायच्या मागे लागू नका. तळाशी ओलसर चिकट पट्टा : फेटणं कमी पडलं किंवा दूध जास्त. फुगलाच नाही : बेकिंग पावडर जुनी असेल. चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली नाही तर नवी आणा. कड करपली आणि मध्य कच्चा : भांडं काळ्या रंगाचं असेल. गडद भांडं उष्णता जास्त शोषतं, तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवा.

‘चांगला आहे, पण तसा नाही’

केक उत्तम होतो आणि तरी घरातलं कोणीतरी हे म्हणतं. अशा वेळी दर खेपेला एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्यांदा बटर तपासा. जुन्या काळी घरात खारं बटरच असेल तर ११५ ग्रॅममधून सुमारे दोन ग्रॅम मीठ केकमध्ये जात होतं, आणि तेवढ्याने गोडी बरीच वेगळी लागते. टंचाईच्या काळात पुष्कळ घरांत बटरऐवजी मार्गारीन हा त्याचा स्वस्त पर्याय आला आणि वहीतला शब्द मात्र ‘बटर’च राहिला. मग व्हॅनिला. महागडा नैसर्गिक अर्क घालूनही ‘तो’ वास येत नसेल तर साधा कृत्रिम इसेन्स घालून बघा. लहानपणी तोच घातलेला असेल तर जीभ त्याचीच आठवण धरून बसलेली असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्यानंतर साखरेचा दाणा : जाड दाण्याने कड जास्त कुरकुरीत होते. मग मैदा. जास्त प्रथिनांच्या मैद्याने केक घट्ट होतो. दर कपातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं की तो मऊ येतो. शेवटी भांडं. जुन्या काळ्या पत्र्याच्या भांड्यात येणारी तपकिरी कड चकचकीत ॲल्युमिनिअममध्ये येत नाही. ते भांडं कुणा नातेवाइकाच्या माळ्यावर असेल तर मागून आणा.

भांडं, उंची आणि अंडी

भांडं बदलायचं असेल तर क्षेत्रफळ बघा. २० सेंटिमीटरचं गोल भांडं ३१४ चौरस सेंटिमीटरचं, २३ चं ४१५, आणि २० चा चौकोन ४००. म्हणजे २३ च्या गोल भांड्याला सगळं माप साधारण १.३ पट करावं लागतं. वर दिलेलं माप २३ गुणिले १३ च्या लांबट भांड्यातही बसतं. तिथे मिश्रणाचा थर जाड असतो, म्हणून १६५ अंशांवर पन्नास ते साठ मिनिटं.

समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर राहत असाल तर हवेचा दाब कमी, त्यामुळे केक भराभर फुगून खचतो. बेकिंग पावडर पाव हिश्श्याने कमी करा, दूध एक मोठा चमचा वाढवा, साखर मोठा चमचाभर कमी करा आणि ओव्हन आठ-दहा अंशांनी वाढवा.

घरात कोणी अंडी खात नसेल तर दर अंड्यामागे ६० ग्रॅम घट्ट दही आणि एकूण पाव छोटा चमचा सोडा घालून चांगला केक होतो, दूध मात्र आधी निम्मंच घाला आणि मिश्रण बघून वाढवा. पण तो वेगळा केक आहे : जाळी दाट, चव किंचित आंबट. त्याचं पान वेगळं करा. मूळ पानावर खाडाखोड करून तो घुसवू नका.

नवं पान

केक मनासारखा झाला की त्याच दिवशी लिहा. जिन्नस ग्रॅममध्ये. भांड्याचा व्यास, उंची आणि रंग. ओव्हनचं खरं तापमान, पंखा चालू होता की बंद, जाळी कुठल्या खणात. प्रत्येक टप्प्यावर मिश्रण कसं दिसतं याची एक ओळ. केक कुणाकडून कुणाकडे आला आणि कोणी काय बदललं, तारखेसह. जुन्या पानाचा फोटो शेजारी चिकटवा आणि जिथे तुम्ही मूळ मापाचा अर्थ लावला आहे (‘तीन कप म्हणजे ३६० ग्रॅम धरले’) तिथे तसं स्पष्ट लिहा, म्हणजे तुमचा अंदाज चुकला असेल तर पुढच्या माणसाला मागे जाऊन तपासता येईल.

मग ते पान घरातल्या अशा कुणाला तरी द्या ज्याने हा केक होताना कधी पाहिलेला नाही, आणि तो करत असताना तुम्ही स्वयंपाकघरात थांबू नका. कुठे अडलं, कुठली ओळ दोनदा वाचावी लागली, तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. जिथे जिथे खूण असेल तिथे आणखी एक ओळ लिहायची राहिली आहे.